सही आणि हजेरी

नेशनस्टेट्स या ऑनलाइन खेळात सैन्य नाही. रणगाडे नाहीत, सीमेवर चौक्या नाहीत, जिंकायला नकाशाही नाही. मॅक्स बॅरी या ऑस्ट्रेलियन कादंबरीकाराने नोव्हेंबर २००२ मध्ये हा खेळ सुरू केला, तो 'जेनिफर गव्हर्नमेंट' या आपल्या कादंबरीकडे लोकांचं लक्ष जावं म्हणून. खेळणारा एक देश काढतो; त्याला नाव, ध्वज, चलन, राष्ट्रीय प्राणी देतो. मग सरकारपुढचे पेच एकामागून एक समोर येतात. दिलेल्या पर्यायांतून निवड करत गेलं की देश घडतो किंवा बिघडतो. मूळ खेळ एवढाच. तरी वीस वर्षांहून अधिक काळ या खेळात परराष्ट्र खाती चालली आहेत, दूतावास उघडले-मिटले आहेत, संरक्षण करार झाले आहेत, हेरगिरी आणि सत्तापालटही झाले आहेत. यातलं बहुतेक खेळणाऱ्यांनी आपणहून उभं केलं. सक्तीची साधनं जवळजवळ काढून घेतली तरी माणसं युती करतात आणि मोडतात, हे इथे इतकं उघडं दिसतं की मला हा खेळ गंभीरपणे घेण्याजोगा वाटतो.

पुढचा संवाद मी रचलेला आहे. आत्या कॉलेजात आंतरराष्ट्रीय संबंध शिकवून निवृत्त झालेली. भाचा या खेळात एका मध्यम आकाराच्या 'रिजन'चा परराष्ट्रमंत्री. त्यांच्या रिजनपुढे एक नवा संरक्षण करार मतदानाला आला आहे आणि त्याचा मसुदा आत्याच्या हातात आहे.

आत्या: सैन्यच नाही, तर हा करार संरक्षण कशापासून करणार?

भाचा: मतांपासून. प्रत्येक देश कुठल्या ना कुठल्या रिजनमध्ये असतो. ज्याला हवं तो वर्ल्ड असेंब्लीचा सभासद होतो. माझे देश कितीही असोत, सभासद त्यातला एकच; तो नियम फार कडक आहे. एका रिजनमधले सभासद एकमेकांना पाठिंबा देतात, त्याला एंडोर्समेंट म्हणतात. सर्वांत जास्त पाठिंबा ज्याला, तो रिजनचा डेलिगेट. त्याच्याकडे अधिकार असतील तर तो कुणालाही बाहेर काढू शकतो, परत येण्यावर बंदी घालू शकतो, दाराला पासवर्ड लावू शकतो. आता समज, आमच्या डेलिगेटला सात पाठिंबे आहेत. बाहेरून दहा सभासद आत आले, नऊ जणांनी दहाव्याला पाठिंबा दिला आणि तेवढ्यात मोजणी झाली. रिजन त्यांचं.

आत्या: मोजणी कधी होते?

भाचा: दिवसातून दोनदा. त्याला अपडेट म्हणतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मध्यरात्री आणि भर दुपारी बाराला. म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेनऊला आणि रात्री साडेनऊला. त्यांच्या हिवाळ्यात साडेदहाला. हजारो रिजन ओळीने मोजले जातात. चढाई करणारे, म्हणजे रेडर, आपल्या लक्ष्याचा नंबर यायच्या काही सेकंद आधी उडी घेतात. लवकर आले तर दिसतात, उशिरा आले तर मोजणी पुढे गेलेली असते. डिफेंडर त्याच सेकंदांत आमच्या बाजूने उडी घेतात.

आत्या: म्हणजे करार किती मोठा, याचं उत्तर कागदात नाही. त्या वेळी किती जण जागेवर असतील, यात आहे.

भाचा: अगदी. सही सगळेच करतात. आम्ही हजेरी मोजतो.

आत्या: मग सांग, हजेरी लावणाऱ्याचं काय जातं? आणि न लावणाऱ्याचं? तुमचे देश मरत नाहीत. रिजनमधून काढलं तर?

भाचा: द रिजेक्टेड रिल्म्स नावाच्या रिजनमध्ये जाऊन पडतो. तिथून कुठेही जाता येतं. देश बंद पडतो तो मालक अठ्ठावीस दिवस फिरकला नाही तरच.

आत्या: मला खटकतं ते इथेच. मी आयुष्यभर मुलांना शिकवलं की परराष्ट्र धोरणातली चूक ती करणारा माणूस भोगत नाही. ती भोगतो कुणीतरी तिसरा. १८३९ च्या लंडनच्या तहाने बेल्जियमच्या तटस्थतेची हमी दिली होती, त्यात प्रशियाही होता. १९१४ मध्ये जर्मन फौजा त्याच बेल्जियममधून फ्रान्सवर निघाल्या. लूव्हाँचं ग्रंथालय जळलं, माणसं गोळ्या घालून मारली गेली. त्यातल्या कुणी तो तह वाचला नव्हता. तुझ्या खेळात तुझ्या देशाची लोकसंख्या कोट्यवधी आहे, आणि त्या कोट्यवधींतला एकही जण तुझ्या चुकीने उपाशी झोपत नाही. जिथे तो तिसरा माणूसच नाही, तिथे युती हा शब्द वापरायला मी कचरते.

भाचा: तो तिसरा माणूस आहे, आत्या. तो त्या कोट्यवधींत नाही, रिजनमध्ये आहे. एखादा रिजन दहा वर्षं चालवलेला असतो. त्याचं मुखपृष्ठ, निरोपांचा फलक, निवडणुकांच्या नोंदी, एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांच्या ओळखी. रेडर आले की आधी मुखपृष्ठ पुसून आपला झेंडा लावतात. बरेचदा तेवढ्यावर निघूनही जातात, नुसती खूण उमटवून. पण कधी राहतात, आणि मग जुने रहिवासी एकेक करून बाहेर. हाकललेला माणूस दुसरीकडे जाऊ शकतो हे खरं. पण सगळे एका जागी परत जमत नाहीत. त्यातला कुणी शाळकरी मुलगा असतो, तो पुन्हा येतच नाही. हे मरण नाही, मान्य. पण काहीच गेलं नाही असंही मला म्हणवत नाही.

इथे मला भाच्याच्या बाजूने एक भर घालायची आहे. सुरुवातीच्या काळात चढाईत किती नासधूस चालेल याचे नियम खेळाच्या चालकांनी घातले होते, आणि कुणी मर्यादा ओलांडली की ते स्वतः मध्ये पडत. २००६ मध्ये त्यांनी 'इन्फ्लुअन्स' आणला. रिजनमध्ये तुम्ही जितके दिवस राहता, जितका पाठिंबा मिळवता, तितकं तुमचं वजन साठत जातं, आणि दुसऱ्याला हाकलायला ते खर्च करावं लागतं. जुना रहिवासी जड, त्याला काढणं महाग. कालच आलेल्या आक्रमकाला म्हणून टिकून राहावं लागतं, त्यासाठी मित्रांचा पाठिंबा टिकवावा लागतो. पंचाचा निवाडा गेला आणि खर्चाचा हिशेब आला. खेळातलं परराष्ट्र धोरण माझ्या मते तेव्हापासून प्रौढ झालं.

आत्या: बरं, तुमचा रिजन इतकी वर्षं कुणाच्या मदतीशिवाय सुरक्षित होता असं या मसुद्यात लिहिलंय. मग आज मित्र कशाला हवेत?

भाचा: कारण आमच्याकडे फाउंडर होता. ज्याने रिजन स्थापला त्याला मतांची गरज नसते. रेडर आले तरी तो एका झटक्यात त्यांना काढतो. २०२३ मध्ये खेळाने नवी निवड दिली. रिजनने स्ट्राँगहोल्ड व्हावं किंवा फ्रंटियर. स्ट्राँगहोल्डला गव्हर्नर असतो, म्हणजे किल्ली घरात. फ्रंटियरला गव्हर्नर नाही, पण खेळात नव्याने जन्मणाऱ्या देशांचा एक वाटा थेट तिथे उतरतो. पूर्वी हे नवखे फक्त द नॉर्थ पॅसिफिक, द साउथ पॅसिफिक अशा पाच जुन्या रिजनांत जन्मायचे, म्हणून ते मोठे झाले. आम्ही फ्रंटियर व्हायचं ठरवलंय.

आत्या: म्हणजे तुम्ही समुद्र बुजवताय. अमेरिकेला दोन महासागर होते तोवर जॉर्ज वॉशिंग्टन १७९६ च्या निरोपात कायमच्या युत्यांपासून दूर राहा असं सांगू शकला. ज्याला असा समुद्र नाही त्याला तो सल्ला परवडत नाही. वाढ हवी म्हणून तुम्ही धोका पत्करताय, आणि तो धोका झाकायला मित्र घेताय. हे मात्र खऱ्या जगातलं वाटतं. मित्र काय देतोय?

भाचा: मोठा रिजन आहे. पहिले सहा महिने त्यांचे वीस सभासद आमच्याकडे मुक्कामाला राहणार आणि आमच्या डेलिगेटला पाठिंबा देणार. वीस पाठिंब्यांची भिंत. नुसत्या सेकंदांच्या उडीने ती ओलांडणं फार कठीण.

आत्या: आणि तुमचे स्वतःचे सभासद किती?

भाचा: रोज येणारे बारा-तेरा.

आत्या: हा कागद मी खाली ठेवते, आणि काय सांगते ते ऐक. ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजांचा पराभव केला. दुसरा बाजीराव पुणं सोडून वसईला गेला. ३१ डिसेंबरला त्याने कंपनीशी तह केला. सहा हजारांची कंपनीची पायदळ फौज त्याच्या राज्यात कायम राहणार, तिच्या खर्चासाठी सव्वीस लाख उत्पन्नाचा मुलूख कंपनीला, आणि बाकीच्या सत्तांशी व्यवहार कंपनीच्या सल्ल्याने. त्याला गादी परत मिळाली. सोळा वर्षांत राज्य गेलं. त्या फौजेने पहिल्या दिवशी त्याचं रक्षणच केलं होतं, हे लक्षात घे. संकट खोटं नव्हतं आणि मदतही खोटी नव्हती. ज्याच्या बळावर तू उभा आहेस त्याने पाय काढला की तू पडतोस, आणि हे त्याला माहीत असतं. पुढची सगळी बोलणी त्या माहितीखाली होतात. तुझ्या वीस पाहुण्यांनी एका रात्रीत तुमच्या डेलिगेटचा पाठिंबा काढून आपल्यातल्या एकाला दिला, तर?

भाचा: तर रिजन त्यांचं. वीसपैकी सतरा फुटले तरी पुरे.

आत्या: मग?

भाचा: ही तुलना मी नाकारत नाही. पण दोन ठिकाणी ती अडते. एक, इथे सगळं उघड आहे. कुणी कुणाला पाठिंबा दिला हे कुणीही, कधीही बघू शकतं. पाठिंबे सरकू लागले की अपडेटच्या आधी आम्हाला कळतं, आमचे डिफेंडर मित्र बोलावता येतात. दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कंपनीकडे फौज हवी तेवढी वाढवण्याची सोय होती आणि खर्चही पेशव्यांच्याच माथी. इथे एका माणसाचं सभासदत्व एकच. जो आमच्याकडे सहा महिने बसणार, तो तेवढे महिने स्वतःच्या घरच्या डेलिगेटला पाठिंबा देऊ शकत नाही, दुसरीकडे उडी घेऊ शकत नाही. वीस जणांनी आपलं एकुलतं मत आमच्या अंगणात ठेवणं हा खरा खर्च आहे, तोही त्यांचाच. नुसत्या सहीच्या मित्राने तो केला नसता.

आत्या: हे मला नवीन आहे आणि पटतंही. तरी एक सांगते. महागडी गुंतवणूक करणारा तिची वसुलीही मनात धरून असतो. असं कधी झालंय का, की ज्याच्या हाती किल्ली त्यानेच घर घेतलं?

भाचा: सगळ्यांत गाजलेली गोष्ट तीच. २००३ मध्ये द पॅसिफिक या रिजनच्या डेलिगेटने सत्ता स्वतःकडे ओढली, विरोधकांना हाकललं आणि न्यू पॅसिफिक ऑर्डर जाहीर केली. बाहेरून इतरांनी लढून पाहिलं, पण ती राजवट टिकली. तेव्हापासून मोठे रिजन पाठिंब्यावर मर्यादा घालतात. डेलिगेटखेरीज कुणी ठरावीक आकड्यापुढे पाठिंबे जमवायचे नाहीत. शिवाय वजनदार, जुन्या, विश्वासातल्या देशांचं एक रखवालदार मंडळ ठेवतात. डेलिगेट फिरला तर त्यांनी त्याला खाली खेचायचं.

आत्या: आणि रखवालदार फिरला तर?

भाचा: तर पुन्हा हजेरी.

न्यू पॅसिफिक ऑर्डरची कथा इथे संपत नाही. २००६ च्या सुरुवातीला सायबर नेशन्स नावाचा दुसरा खेळ आला. त्यात पैसा, फौजा, अण्वस्त्रं, सगळं होतं. पॅसिफिकमधली मंडळी तिकडे गेली, त्याच नावाने आघाडी काढली आणि काही वर्षं तो खेळ तिच्या धाकाखाली राहिला. तिथल्या करारांना तर पायऱ्या होत्या: नुसता अनाक्रमणाचा, ऐच्छिक मदतीचा, परस्पर संरक्षणाचा, आणि सर्वांत वरचा, मित्राच्या चढाईतही सामील होण्याचा. कोण कोणाशी बांधलेला आहे याची रेषांनी भरलेली चित्रं लोक काढत. पण ती चित्रं पाहून युद्धाचा निकाल सांगता येत नसे. पुढचं बोलणं त्याबद्दल आहे.

भाचा: एप्रिल २००९ मध्ये त्या ऑर्डरने ऑर्डो वेर्दे नावाच्या एका छोट्या आघाडीवर हेरगिरीचा आरोप ठेवून चढाई केली. कागदावर ऑर्डरच्या मित्रांची संख्या प्रचंड होती. पण कित्येकांनी ऐन वेळी करार रद्द केले, काही थेट समोर जाऊन उभे राहिले. समोरच्या फळीने स्वतःला 'कर्मा' म्हणवून घेतलं, युद्धालाही तेच नाव पडलं. ऑर्डर हरली, पुढे भरपाईही द्यावी लागली. मित्रांना ती नकोशी झालेली होती, फक्त एकट्याने सोडण्याची कुणाची हिंमत नव्हती.

आत्या: इटली. १८८२ पासून इटली जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीच्या त्रिराष्ट्र युतीत होता. १९१४ मध्ये त्याने करार काढून वाचला: युती बचावाची आहे, आणि चढाई तर ऑस्ट्रियाने केली आहे. म्हणून तो तटस्थ राहिला आणि मे १९१५ मध्ये पलीकडच्या बाजूने उतरला. कलम त्याच्या मदतीला आलं, पण त्याचं मन आधीच फिरलेलं होतं. आणि कलमांचं म्हणशील तर नाटोच्या करारातलं पाचवं कलमसुद्धा सैन्य पाठवाच असं म्हणत नाही. एकावरचा हल्ला तो सर्वांवरचा, पण कोणती कृती आवश्यक ते प्रत्येकाने ठरवायचं. ते कलम आजवर एकदाच लागू झालं, सप्टेंबर २००१ मध्ये. एरवी त्याचं सगळं बळ इतरांना ते लागू होईल असं वाटण्यात आहे.

भाचा: सायबर नेशन्समध्ये म्हणून एक कलम रूढ झालं: नॉन-चेनिंग. मित्रावर थेट हल्ला झाला तर मी बांधील. पण तो दुसऱ्या मित्रासाठी युद्धात उतरला आणि त्यामुळे त्याच्यावर हल्ला झाला, तर माझी मदत ऐच्छिक. साखळी तिथे तुटते.

आत्या: हे फार चांगलं कलम आहे. जुलै १९१४ मध्ये कुणी त्याचा गंभीर विचार केला असता तर! तुमच्या या मसुद्यात आहे का ते?

भाचा: नाही. त्यांचं म्हणणं, आम्ही वीस माणसं देतोय, तर आमच्या प्रत्येक मोहिमेत तुमचे निदान पाच जण हवेत.

आत्या: मोहिमा कुणाविरुद्ध?

भाचा: ते लिहिलेलं नाही. मात्र एका बाबतीत मला शंका नाही. फॅसिस्ट खुणा मिरवणाऱ्या रिजनविरुद्ध असेल तर आमचे सगळे जातील. त्या एका बाबतीत एरवी हाडवैरी असलेले रेडर आणि डिफेंडर एकत्र उतरलेले आहेत.

आत्या: आणि एखादा निरुपद्रवी, झोपलेला रिजन असेल तर? तुझ्या मित्राला तिथे झेंडा लावून बघायचा असेल तर? वर्ल्ड असेंब्ली काही करत नाही का?

भाचा: २००९ पासून तिला सुरक्षा परिषद आहे. ती एखाद्याचा निषेध करू शकते. पण रेडर तो निषेध पदकासारखा मिरवतात. त्या मानाने लिबरेशनचा ठराव उपयोगी. व्यापलेल्या रिजनच्या दाराला पासवर्ड लावण्याची सोयच तो काढून घेतो, मग सोडवायला येणाऱ्यांना वाट मिळते. एवढी एक गोष्ट परिषद खरोखर करते.

या संस्थेचं नाव आधी थेट संयुक्त राष्ट्रसंघ असंच होतं. खऱ्या संयुक्त राष्ट्रांनी २००८ मध्ये हरकत घेतली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये ती वर्ल्ड असेंब्ली झाली. मला तिचं हे तुटपुंजेपण उपयोगाचं वाटतं. ती शिक्षा देऊ शकत नाही, पण बंद दार उघडं ठेवू शकते. पुढे कोण आत जातं ते पुन्हा माणसांवर. लहान रिजनच्या परराष्ट्रमंत्र्याला एवढंही पुष्कळ असतं, कारण त्यामुळे त्याला मोठ्या मित्राखेरीज दुसरा एक आधार राहतो, आणि बोलणी करताना तोच त्याच्या हातातला पत्ता असतो.

आत्या: माझं मत विचारशील तर मी या कराराच्या विरोधात मत देईन. त्या वीस जणांची मला तितकी धास्ती नाही. उद्या तुमची पाच माणसं कुणाच्यातरी दहा वर्षांच्या घरात घुसतील, आणि तो मघाचा शाळकरी मुलगा यावेळी तुमच्यामुळे जाईल.

भाचा: मी विरोधात देणार नाही. फ्रंटियर व्हायचं ठरलंय, आणि भिंतीशिवाय झालो तर पहिल्याच आठवड्यात तो मुलगा आमचाच असेल. पण मी तीन दुरुस्त्या मागेन. नॉन-चेनिंग घाला. आमचे पाच जण फक्त बचावाच्या मोहिमांना जातील. आणि पाहुण्यांनी कधी निघायचं हे डेलिगेटने ठरवायचं नाही, रहिवाशांनी ठरवायचं. डेलिगेट त्यांच्याच पाठिंब्यावर उभा असणार, तो त्यांना कसा सांगेल जा म्हणून?

आत्या: रहिवासी म्हणजे कोण? फ्रंटियर झालात की रोज नवे देश उतरणार. त्यांना मत आहे का?

भाचा: तिथेच वाद अडलाय. लगेच मत दिलं तर रेडर आपले हस्तक नवखे म्हणून पेरतील, मतदानातच रिजन घेतील. मत दिलं नाही तर ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्यांच्या वतीने आम्ही बारा जण ठरवणार.

आत्या: किती दिवसांनी देणार?

भाचा: काही जण म्हणतात साठ दिवस. मी तीस म्हणतोय.

आत्या: आणि करार सहा महिन्यांचा. म्हणजे तो संपेपर्यंत पहिल्या तुकडीचे नवखे मतदार झालेले असतील, तुमच्यापेक्षा संख्येने जास्त. मग आज सहा महिन्यांच्या पुढचं काहीही लिहू नका. आपोआप नूतनीकरणाचं ते नववं कलम काढा. पुढचा करार त्यांना करू द्या.

भाचा: मोठा रिजन नवव्या कलमासाठी अडून बसेल.

आत्या: बसू दे. मुक्काम त्यांना कशासाठी हवा आहे, ते तुला त्या बैठकीत कळेल.